वहीतला ‘कारण’ हा रकाना

रमजानच्या आधीचा शाबान महिना लागला की आमच्या जमातीच्या बैतुलमालची, म्हणजे मदतनिधीची, वही माझ्या ओटीवर येते आणि ईदपर्यंत तिथेच मुक्काम करते. बँकेत तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर गाव दुसरे काय सोपवणार? मंडणगड आणि दापोली तालुक्यांच्या किनाऱ्यावर आमच्यासारखी कोकणी मुसलमानांची जी गावे आहेत, त्यांतल्या बहुतेकांत अशी एखादी वही असतेच. आखातात नोकरीला असलेल्या मुलांनी पाठवलेली जकात (सक्तीचे वार्षिक दान), फित्रा (ईदचे दान), सदका (ऐच्छिक दान), लिल्लाह (जकातीच्या अटी नसलेली देणगी) असे सगळे पैसे तिच्यात जमा दाखवायचे आणि कोणाला किती दिले ते समोर लिहायचे, एवढेच ते काम. खर्चाच्या बाजूचा शेवटचा रकाना ‘कारण’ हा आहे आणि त्यात वर्षानुवर्षे ठरावीक शब्द येतात: विधवा, शिक्षण, मुलीचे लग्न, छप्पर, डायलिसिस, हृदयाची शस्त्रक्रिया, मोतीबिंदू. २०१९ च्या पानावर मात्र एका अर्जावर माझ्या हातची लाल काट आहे, आणि तिच्यासमोर माझ्याच अक्षरात लिहिले आहे, ‘आजार दिसून येत नाही’.

अर्ज एका तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, बायकोचा होता. नवरा चार महिने समुद्रावर गेला नव्हता, पडवीत भिंतीकडे तोंड करून पडून राहत होता, जेवण सुटले होते आणि हळूहळू नमाजही सुटली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवण्याची चिठ्ठी दिली होती; जाण्यायेण्याच्या खर्चासाठी आणि महिनाभराच्या किराण्यासाठी तिने दोन हजार रुपये मागितले होते. आम्ही पाच जण बैठकीत बसलो होतो. धडधाकट हातपाय असलेल्या माणसाला जकात कशी द्यायची, असे एकाने विचारले, दुसऱ्याने ‘कामावर गेला की आपोआप बरा होईल’ असे सांगितले आणि मी लाल पेनाने काट मारली. पुढच्या दोन वर्षांत त्या घरातली शेळी गेली, मग बांगड्या गेल्या, मग मुलीची बारावी गेली. शेवटी तो माणूस उपचाराला लागला, पण तोवर जे गेले ते दोन हजारांत भरून येणारे नव्हते.

आपल्या चुकीची कबुली देण्यासाठी मी हे लिहायला बसलेलो नाही. ज्या दुआ आम्ही तोंडपाठ म्हणत होतो त्यांचा अर्थ आमच्याच वहीला लागू होतो, हे आम्हाला किती उशिरा कळले, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. मकतबात, म्हणजे कुरआन शिकवण्याच्या शाळेत, लहानपणी आमच्याकडून एक दुआ घोकून घेतली जात असे. तिच्यात आठ गोष्टींपासून अल्लाहचे संरक्षण मागितले आहे आणि त्या आठ गोष्टी जोडीजोडीने येतात. पहिली जोडी ‘हम्म’ आणि ‘हजन’ यांची: एक पुढे काय होईल याची काळजी आणि दुसरे होऊन गेलेल्याचे दुःख. त्यानंतर असहायता आणि आळस, मग भित्रेपणा आणि कंजूषपणा, आणि शेवटच्या जोडीत कर्जाचे ओझे व माणसांची जबरदस्ती. म्हणजे काळजी जिथे सुरू होते तिथून कर्जापर्यंत एकच वाक्य जाते. कंजूषपणाही त्याच यादीत बसला आहे, ही गोष्ट आम्हा देणाऱ्यांच्या कधी लक्षात आली नव्हती.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या व आठवणींच्या संग्रहात, या दुआच्या मागचा प्रसंग येतो. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा मशिदीत आले तेव्हा अबू उमामा नावाचे एक अन्सारी, म्हणजे मदिनेतले अनुयायी, तिथे बसलेले होते. नमाजची वेळ नव्हती. प्रेषितांनी विचारले, ‘नमाजची वेळ नसताना तू इथे का बसला आहेस?’ त्यांनी उत्तर दिले की काळज्यांनी आणि कर्जांनी घेरले आहे. नव्या पेशइमामांनी, म्हणजे आमच्या मौलानांनी, हा प्रसंग जुम्याच्या (शुक्रवारच्या) बयानात सांगितला, तेव्हा मागच्या सफेत (रांगेत) बसलेल्या माझ्या अंगावर काटा आला, कारण तो तांडेल आजारी पडण्याच्या आधी रोज सकाळी दहाच्या सुमारास मशिदीच्या व्हरांड्यात खांबाला टेकून बसलेला मी पाहत असे आणि ‘आजकाल फार दीनदार झाला आहे’ असे समजून पुढे जात असे.

खलाशी आणि तांडेल यांच्या मनाची गोष्ट त्यांच्या हंगामापासून वेगळी काढता येत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ती योग्यच आहे, कारण माशांच्या विणीचा तो काळ असतो. पण त्या दोन महिन्यांत घरात पैसा येत नाही, मालकाकडून घेतलेली उचल वाढत जाते, बाहेर पाऊस धो धो कोसळत असतो आणि माणूस घरात चार भिंतींत बसतो. हंगामात अंगमेहनतीमुळे दबून राहिलेले सगळे त्या दिवसांत वर येते. आमच्याकडे आलेल्या अर्जांपैकी निम्म्याहून अधिक श्रावणाच्या आगेमागे येतात, हे मी वही उलटून पाहिले तेव्हाच मला दिसले.

त्यात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले. श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर शिरलेल्या त्या वाऱ्याने आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. आमच्या मोहल्ल्यातल्या एका वयस्क चाचांची वाडी आजोबांच्या काळापासूनची होती. पत्रे उडाले त्यांना पत्रे मिळाले, भिंती पडल्या त्यांना सिमेंट मिळाले, सरकारी पंचनामे झाले, संस्थांनी किराणा वाटला. चाचांना यांतले काही नको होते. ते रोज सकाळी कोयता घेऊन वाडीत जात, उन्मळून पडलेल्या पोफळींच्या मधोमध बसत आणि दुपारी तसेच परत येत. नवी पोफळ लावली तर ती धरायला पाच-सात वर्षे लागतात आणि चाचा तेव्हाच पंचाहत्तरीला आले होते, तेव्हा त्यांच्यापुढे हिशेब मांडून समजूत घालण्यात अर्थ नव्हता. त्यांच्यासाठी जे केले गेले ते पैशाचे नव्हतेच. मकतबातली दोन मोठी मुले आळीपाळीने त्यांच्याबरोबर वाडीत जाऊन बसू लागली, पडलेली खोडे तोडून ओढू लागली, आणि चाचा त्यांना कोणते खोड पन्हळीला चालेल आणि कोणते जळणालाच बरे, हे शिकवू लागले. आजाऱ्याची विचारपूस करायला जाणे, ज्याला इयादत म्हणतात, तो दुसऱ्या मुसलमानाचा हक्क आहे, असे आपण नेहमी ऐकतो. ज्याला ताप नाही अशा माणसाचीही इयादत असते हे आम्ही त्या पावसाळ्यात शिकलो.

पैशाचा प्रश्न मात्र सुटायचा होता आणि तो शरियतचा प्रश्न होता. आम्ही कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, म्हणजे इस्लामी कायद्याच्या शाफई परंपरेतले. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी यांच्या किमतीइतकी मालमत्ता ज्याच्याकडे चांद्रवर्षभर राहिली, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, जकात म्हणून काढायचा. आणि तो कोणाला द्यायचा हे कुरआनातल्या सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत ठरवून दिलेले आहे. तिथे आठ प्रकारचे लोक सांगितले आहेत. त्यांत ‘आजारी’ हा शब्द नाही. फकीर (गरीब) आहे, मिस्कीन (अगदी कंगाल) आहे, कर्जात बुडालेला गारिम आहे. आमच्या बैठकीत यावर तीन रात्री चर्चा झाली आणि शेवटी मौलानांनी जे सांगितले ते इतके साधे होते की आमची आम्हालाच लाज वाटली: डायलिसिसवाल्याला तरी तुम्ही मूत्रपिंडासाठी कुठे देता, त्याच्या गरिबीसाठी देता, मग याच्या गरिबीचे मोजमाप याच्या मेंदूवरून का करता?

तरीही पथ्य पाळावे लागतेच. जकात घेणाऱ्याच्या हातात आणि मालकीत गेली पाहिजे, म्हणून गाडीभाडे, गोळ्या, किराणा, मालकाची उचल फेडणे यांसाठी जकात चालते. पण समुपदेशन करणाऱ्या बाईंचा प्रवासखर्च, महिलांच्या बैठकीचा चहा, फलक रंगवण्याची मजुरी हे सगळे लिल्लाह खात्यातून काढावे लागते, आणि त्या खात्यात नेहमीच खडखडाट असतो. आखातातल्या काही मुलांनी बँकेच्या व्याजाचे पैसे यासाठी वापरावेत असे सुचवले होते. ते पैसे सवाबची (पुण्याची) नियत न ठेवता काढून टाकायचे असतात आणि आमच्याकडे ते सार्वजनिक शौचालयाच्या कामात जातात. आमच्यातले एक ज्येष्ठ उसळून म्हणाले, “मनाच्या आजाराला संडासाच्या खात्यात घालू नका.” फिकहच्या (धर्मशास्त्राच्या) दृष्टीने त्यांचे बरोबर होते की नाही हे मौलाना जाणोत, पण भावनेच्या दृष्टीने मी त्यांच्या बाजूने मत दिले.

मौलाना तरुण आहेत आणि वाचणारे आहेत, हे आमचे नशीब. त्यांच्या आधीच्या एका खतीबांनी (प्रवचनकारांनी) मिंबरवरून (मशिदीतल्या व्यासपीठावरून) उदासी म्हणजे कच्च्या ईमानाची खूण असे सांगितले होते आणि ते वाक्य गावात रुजले होते. मौलानांनी त्याचे थेट खंडन केले नाही. त्यांनी सूरह यूसुफ घेतली. मुलाच्या विरहाने रडून रडून हजरत याकूब यांचे डोळे पांढरे झाले, असे कुरआनच सांगते. ‘मी माझे दुःख आणि माझा शोक अल्लाहपुढेच मांडतो’ असे ते म्हणतात. मौलाना एवढेच म्हणाले, “याकूब अलैहिस्सलाम यांच्या ईमानात काय कमी होते, ते कोणी मला नमाजनंतर येऊन सांगावे.” अर्थातच कोणी गेले नाही.

त्यांच्याकडूनच मला अबू जैद अल-बल्खी हे नाव समजले. इसवी सन ९३४ मध्ये वारलेल्या या विद्वानाने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकत्र लिहिले आणि दुःखाचे दोन प्रकार केले: एक, ज्याचे कारण माणसाला सांगता येते, दुसरे, ज्याला कारण सापडत नाही आणि ज्याचे मूळ शरीरात असू शकते, म्हणून त्यावर शरीराचाही उपचार करावा लागतो. माझ्या वहीतला ‘कारण’ हा रकाना त्यांनी पाहिला असता तर काय म्हणाले असते, असे मनात आले. कैरोमध्ये सुलतान कलावून यांनी १२८४ मध्ये बांधलेल्या रुग्णालयाचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चालत असे, मनोरुग्णांसाठी तिथे वेगळी जागा होती आणि बरा होऊन घरी निघालेल्या माणसाच्या हातावर पैसे ठेवले जात, म्हणजे त्याला लगेच कामाला जुंपून घ्यावे लागू नये. तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरात सुलतान बायझीद यांच्या १४८८ च्या रुग्णालयात मनोरुग्णांना वाहत्या पाण्याचा आवाज आणि संगीत ऐकवत. संगीताचा मुद्दा मी बैठकीत काढला नाही. त्यावर आणखी तीन रात्री गेल्या असत्या. बरे झालेल्याला पैसे देण्याचा मुद्दा मात्र काढला आणि तो मंजूर झाला. औषध सुरू झाल्यानंतर दोन महिने किराणा चालू ठेवायचा, म्हणजे खलाशाला गोळ्यांची गुंगी डोळ्यांवर असताना होडीवर चढावे लागू नये.

आता अवघड विषयाकडे येतो. आमच्या बाजूला माणूस विचित्र वागू लागला की पहिला शब्द ‘असर’ हा येतो. शेजारच्या वाडीत त्यालाच ‘बाहेरचे’ म्हणतात आणि गाऱ्हाणे घालतात; आमच्यात पढलेले पाणी आणतात, दम करून घेतात, तावीज बांधतात. कुरआनच्या आयती वाचून अंगावर फुंकर घालण्याला माझा विरोध नाही, माझ्या आईने माझ्यावर ती किती वेळा घातली असेल! विरोध आहे तो त्या धंद्याला. माझ्या जवळच्या नात्यातल्या एका मुलीला घाटावरच्या एका आमिलाकडे, म्हणजे झाडफूक करणाऱ्याकडे, सात गुरुवार नेले. प्रत्येक वेळी जिन्न नवा आणि फी वाढीव. सात गुरुवारांत जेवढे गेले तेवढ्यात तिची वर्षाची औषधे आली असती. आणि बांधून ठेवण्याची जी पद्धत कुठे कुठे चालते तिचा शेवट काय होतो, हे देशाने ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला पाहिले: दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी निवासात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत, २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

पण दर्ग्यावर जाणाऱ्याला हिणवून काही साधत नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार यांच्या दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम सुरू झाला. दुआसाठी आलेल्या माणसाला मुजावरच (दर्ग्याचे सेवकच) त्याच आवारात बसलेल्या डॉक्टरकडे पाठवतात. आमच्याकडे दर्गा लहान आणि डॉक्टर दूर, तरी तत्त्व तेच उचलले. मौलाना दम करतात, पाणी पढून देतात, एक पैसा घेत नाहीत, आणि त्यानंतर विचारतात, ‘रत्नागिरीला कधी जाणार?’ अल्लाहने असा कोणताही आजार उतरवलेला नाही ज्याचा इलाज ठेवलेला नाही, फक्त म्हातारपण सोडून, ही हदीस आता गावातल्या लहान मुलांनाही पाठ झाली आहे. ‘म्हातारपण सोडून’ हे शब्द आल्यावर आम्ही काही जण एकमेकांकडे पाहतो, ते वेगळे.

रत्नागिरीची फेरी अख्ख्या दिवसाची असते. गेल्या वर्षी मी एका पंचविशीतल्या खलाशाबरोबर गेलो, तो मला मामू म्हणतो. पहाटेच्या अंधारात एसटी पकडली. त्याच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून दिली होती. केसपेपर आणि जुन्या चिठ्ठ्या त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी सदऱ्याच्या आत पोटाशी धरली होती, जसे होडीवर मोबाइल धरतात तसे. खेड जाईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. हातखंब्याच्या अलीकडे त्याने विचारले, “मामू, आत ठेवून घेतील काय मला?” मी म्हटले, “तुला ठेवून घेतले तर मला एकट्याला भाकरी खावी लागेल.” तो हसला नाही, पण भाकरीचे गाठोडे सोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. डॉक्टरांनी त्याला पुष्कळ वेळ झोपेविषयी विचारले. किती वाजता लागते, किती वाजता मोडते, मोडल्यावर काय मनात येते. इतक्या तपशिलाने त्याला आयुष्यात कोणी काही विचारले नसावे. औषधांच्या खिडकीवर लहान कागदी पाकिटांत गोळ्या मिळाल्या आणि त्याने त्या माझ्यासमोर दोनदा मोजल्या.

रमजान तोंडावर होता, म्हणून रोज्याचे विचारले. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण आमच्याकडे रमजानात गोळ्या परस्पर बंद करणारे पुष्कळ आहेत. डॉक्टरांनी त्याच्या गोळ्या इफ्तारनंतर आणि सेहरीला अशा बसवून दिल्या. ज्यांना लिथियम चालू आहे त्यांचे वेगळे. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते, त्यामुळे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये. आजाऱ्याला रोजा पुढे भरून काढण्याची सवलत सूरह बकरात स्पष्ट दिलेली आहे, आणि ती हाडाच्या आजाराला आहे, मनाच्या आजाराला नाही, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. मौलानांनी गेल्या शाबानच्या शेवटच्या जुम्याला हे बयानात घेतले.

महिलांचे काम माझी बायको आणि आमच्या वाडीच्या आशाताई (आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्त्या) मिळून पाहतात. आशाताई शेजारच्या वाडीतल्या, हिंदू; त्यांना आमच्या घरांच्या माजघरापर्यंत मुभा आहे, जी मलाही नाही. ज्यांचे नवरे दोन-दोन वर्षांनी येतात, अशा घरांत फ्रीज आहे, एसी आहे, दारात गाडी उभी आहे, आणि एक जण पहिल्याच बैठकीत माझ्या बायकोला म्हणाली, “सगला हाय घरात, झोप नाय.” या बायकांना जकात घेता येत नाही, त्या स्वतः जकात देणाऱ्या आहेत. त्यांच्यासाठी दर गुरुवारी जोहरच्या (दुपारच्या) नमाजनंतर मकतबाच्या खोलीत तासभर बसणे सुरू झाले. कुरआनातली सूरह यासीन पढली जाते, मग कोणी बोलते, कोणी बोलत नाही. चांगला शब्द हाही सदका आहे, असे हदीसमध्ये आहे; या खात्यात शिल्लक कमी पडत नाही.

मशिदीच्या वजूखान्याच्या, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुण्याच्या जागेच्या, भिंतीवर, नळांच्या वर, आम्ही १४४१६ हा आकडा रंगवून घेतला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू झालेली ती सरकारची टेली-मानस, म्हणजे मनाच्या आजारांसाठी फोनवरची मदत, सेवा. दिवसरात्र, फुकट, मराठीतही. पाय धुताना माणूस खाली पाहतो, पण तोंड धुतल्यावर वर पाहतोच.

राहता राहिला वहीचा रकाना. लहान गावात नाव फुटले की मुलींच्या सोयरिका मोडतात, म्हणून या मदतीचा अर्ज लेखी घेत नाही, पाकीट घरी पोहोचवतो, आणि कोणाला दिले हे मौलाना, माझी बायको आणि मी यांच्यापलीकडे जात नाही. वहीत नावाऐवजी फक्त आकडा असतो आणि कारणाच्या जागी काहीच नसते. जो दुसऱ्याचे झाकतो त्याचे अल्लाह झाकतो, हे खरे. पण या वर्षीच्या हिशेबाच्या बैठकीत दोघांनी हरकत घेतली की रिकामा रकाना म्हणजे हिशेब नव्हे, उद्या कोणी आपल्याच पाहुण्याला पाकीट दिले तर कळणार कसे? बँकेत काम केलेला माणूस म्हणून मला त्यांचे म्हणणे पटते. मौलानांना पटत नाही. रमजानला अठरा दिवस आहेत, वही अजून माझ्या ओटीवर आहे आणि बारा ओळींसमोरची जागा कोरी आहे.